उंदराची चिंता कोण वाचतो?
(बालपणीचा ताण, प्रयोगशाळेतलं मोजमाप आणि एका शब्दाचा अभ्यास)



साहित्य मंडळाच्या अंकात उंदरांवरचा लेख बघून काही जण लगेच पुढच्या कवितेकडे सरकतील, याची कल्पना आहे. तरी जरा थांबा. मानसशास्त्राच्या एका मैत्रिणीला सेमिनारच्या तयारीत मदत करताना काही शोधनिबंध हाती आले. त्यांत एकाच अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा भेटत होतं: लहानपणी ताण सोसलेले उंदीर मोठेपणी जास्त चिंताग्रस्त असतात. मैत्रीण ते वाक्य पाठ करत होती आणि मी त्यातल्या एका शब्दावर अडले होते. उंदीर ‘चिंताग्रस्त’ आहे हे कुणी सांगितलं? उंदराने तर नक्कीच नाही. म्हणजे कुणीतरी त्याचं वागणं वाचलं आणि त्या वागण्याला एक शब्द दिला. वाचणं आणि शब्द देणं हा तर आपला विषय!

या लेखात तीन गोष्टी क्रमाने बघू. उंदराची चिंता मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात? बालपणीच्या ताणाबद्दल या प्रयोगांतून काय कळलं? आणि हे सगळं माणसांना लावताना आपण कुठे सावध राहायचं? विज्ञानाची पार्श्वभूमी नसली तरी चालेल, मलाही नाही. लागेल ते सांगत जाईन.

१. आधी शब्द

मराठीत या भावनेच्या आसपास किती शब्द आहेत बघा: भीती, धास्ती, धाकधूक, हुरहुर, घोर, काळजी, चिंता. हे सगळे एकमेकांचे समानार्थी नव्हेत. साप समोर दिसला की भीती वाटते. निकाल उद्या लागणार असेल तर धाकधूक होते. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही तर आईच्या जिवाला घोर लागतो. भीतीला समोर काहीतरी लागतं. चिंतेला समोर काही नसलं तरी चालतं, ‘असेल का?’ एवढी शंका पुरते.

गंमत म्हणजे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारेही जवळपास हाच भेद करतात. मांजर समोर आलं की उंदीर पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. ही भीती. पण अनोळखी जागा असेल, मांजर असेलही आणि नसेलही, तेव्हा उंदीर एक वेगळीच हालचाल करतो. मागचे पाय जागेवरच ठेवून अंग लांबवतो, मान पुढे काढतो, हुंगतो आणि पुन्हा मागे येतो. रॉबर्ट आणि कॅरोलिन ब्लँचार्ड या संशोधक दांपत्याने उंदरांच्या अशा संरक्षक वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. धोका आहे की नाही याचा अंदाज घेणारं हे वागणं त्यांनी भीतीपासून वेगळं काढलं. मन पुढे जाऊ बघतंय आणि पाय मागेच आहेत: ‘धाकधूक’ या शब्दाचं याहून चांगलं चित्र मला तरी सुचत नाही.

एक खुलासा. प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर वापरतात. एक मोठा, त्याला रॅट म्हणतात. दुसरा लहान, तो माऊस. मराठीत दोघेही उंदीरच. पण एका जातीचा निष्कर्ष दुसरीला लागू होईलच असं नाही, म्हणून जिथे गरज आहे तिथे मी मोठा-छोटा असं लिहिलं आहे.

२. मोजायचं कसं?

उंदराला प्रश्नावली देता येत नाही. त्यामुळे संशोधकांनी त्याला एका पेचात टाकायचं ठरवलं. उंदराच्या स्वभावात दोन ओढी असतात. नवी जागा फिरून बघायची असते आणि उघड्यावर, उजेडात जायचं नसतं, कारण तिथे घार-घुबडाचं फावतं. या दोन ओढी एकमेकींसमोर उभ्या करायच्या आणि कोणती जिंकते ते बघायचं. बहुतेक चाचण्यांचं मूळ एवढंच.

सर्वांत जुनी चाचणी अमेरिकेतल्या कॅल्विन हॉल यांची, १९३४ सालची. उंदराला एका मोकळ्या, उजेड असलेल्या रिंगणात सोडायचं. तो भिंतीला चिकटून चालतो की मध्यावर येतो हे आज आपण कॅमेऱ्याने मोजतो. हॉल यांनी मोजल्या त्या लेंड्या आणि लघवी! ऐकायला विचित्र वाटतं, पण परीक्षेच्या सकाळी हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर रांग का लागते, हे आठवलं तर त्यांचा तर्क पटेल.

आज सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘एलिव्हेटेड प्लस मेझ’. अधिक चिन्हाच्या आकाराचा एक मार्ग, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच. त्याचे चार हात. समोरासमोरच्या दोन हातांना उंच भिंती, उरलेले दोन हात उघडे. उंदराला मधल्या चौकात ठेवतात आणि पाच मिनिटं वरून बघतात. उघड्या हातांवर तो किती वेळा गेला, किती सेकंद थांबला, एवढं लिहून काढतात. उघड्यावर जास्त वेळ काढला तर चिंता कमी, भिंतींच्या आड बसून राहिला तर चिंता जास्त.

हा अर्थ बरोबर कशावरून? १९८५ साली शेरॉन पेलो, सँड्रा फाईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांवर ही चाचणी तपासली. माणसांची चिंता शमवणारी औषधं दिली की उंदीर उघड्या हातांवर जास्त जातात, असं त्यांना दिसलं. डायझेपाम हे त्यातलंच एक औषध, आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ‘कामपोज’ या नावाने माहीत असलेलं. उलट चिंता वाढवणारी द्रव्यं दिली की उंदीर कमी जातात. शिवाय उंदराला उघड्या हातावरच अडकवून ठेवलं तर त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. म्हणजे शरीरही तीच साक्ष देतं. दोन वर्षांनी, १९८७ साली, रिचर्ड लिस्टर यांनी छोट्या उंदरांसाठी हीच चाचणी तपासली.

तिसरी चाचणी अंधार-उजेडाच्या पेटीची. जॅकलिन क्रॉली आणि फ्रेडरिक गुडविन यांनी ती १९८० साली मांडली. पेटीचा एक भाग उजळ, दुसरा काळोखा, मध्ये दार. उंदीर उजेडात किती वावरतो ते मोजायचं.

३. मोजमापातल्या फटी

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. पण आपण कविता वाचताना विचारतो ना, की या ओळीचा दुसरा काही अर्थ निघू शकतो का? तसंच इथेही विचारून बघू.

पहिली फट: उंदीर उघड्यावर गेला नाही, कारण तो घाबरला, की मुळात तो फारसा हललाच नाही? आजारी किंवा सुस्त उंदीरही भिंतीआड बसून राहील. म्हणून चांगला संशोधक बंद हातांतल्या फेऱ्याही मोजतो. त्या नेहमीएवढ्या असतील आणि फक्त उघड्यावरच्या कमी असतील, तरच चिंतेचा अर्थ लावायला जागा आहे.

दुसरी फट: ही चाचणी एका उंदरावर खरं तर एकदाच चालते. दुसऱ्यांदा त्याच मार्गावर ठेवलं तर डायझेपामच्या गटातली औषधं देऊनही पहिल्यासारखा परिणाम दिसत नाही. पहिल्या पाच मिनिटांत उंदीर काहीतरी शिकलेला असतो. दुसऱ्या वाचनात तीच गोष्ट आपल्याला वेगळी लागते, तसं काहीसं.

तिसरी फट जरा खोल आहे. चाचणी खरी, कारण डायझेपामने फरक पडतो. आणि नवं औषध चांगलं, कारण चाचणीत फरक पडतो. हे गोल गोल फिरणं झालं. बस्पिरोन हे औषध माणसांना चिंतेसाठी दिलं जातं, पण या मार्गावर त्याचे परिणाम एका प्रयोगात एक तर दुसऱ्यात भलतेच येतात. म्हणजे ही चाचणी चिंतेचा एक प्रकार ओळखते, सगळे नाही.

चौथी फट म्हणजे मोजणारा माणूस. १९९९ साली जॉन क्रॅब, डग्लस वॉलस्टन आणि ब्रूस ड्यूडेक यांनी उत्तर अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांत एकच प्रयोग केला. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड या तीन गावांत उंदरांचे वंश तेच, वय तेच, उपकरणं तीच, अगदी वेळापत्रकही तेच. तरीही काही चाचण्यांत निकाल प्रयोगशाळेनुसार बदलले, आणि प्लस मेझ त्यांपैकी एक होती. २०१० साली इंग्लंडमधल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी आणखी साधी गोष्ट दाखवली. छोट्या उंदराला शेपटीने उचललं तर तो जास्त बिचकतो. ओंजळीत किंवा नळीतून उचललं तर कमी. आणि २०१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाला आढळलं, की पुरुषांच्या वासानेसुद्धा उंदरांच्या शरीरात ताण वाढतो. पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरे!

म्हणजे आकडा फक्त उंदराचा नसतो. त्यात खोली, दिवा, हात आणि वासही मिसळलेला असतो. यातून ‘सगळं खोटं आहे’ असा निष्कर्ष मात्र काढायचा नाही. एकाच चाचणीच्या, एकाच प्रयोगशाळेच्या आकड्यावर फार मोठं वाक्य उभं करायचं नाही, एवढंच.

म्हणूनच अलीकडच्या निबंधांत ‘चिंता’ असं न लिहिता ‘चिंतेसारखं वर्तन’ असं लिहितात. न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू तर म्हणतात, की भावनांची माणसांची नावं प्राण्यांच्या संरक्षक यंत्रणांना देऊच नयेत, कारण जाणवणं ही वेगळी गोष्ट आहे. याच्या उलट याक पँकसेप यांचं म्हणणं: प्राण्यांनाही खऱ्या भावना असतात. गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या पट्टीत आनंदाचे आवाज काढतात, हे त्यांनी दाखवलं होतं. वाद मिटलेला नाही. पण ‘सारखं’ या एका शब्दात किती प्रामाणिकपणा मावतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं.

४. बालपणीचा ताण: सुरुवात उलटीच झाली

आता मूळ वाक्याच्या पहिल्या अर्ध्याकडे येऊ. लहानपणी ताण सोसलेले उंदीर. हा ताण देतात कसा?

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा केस नसतात, डोळे मिटलेले असतात. ते उघडायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. तोवर ऊब, दूध, स्वच्छता, सगळं आईकडून. पिल्लू एकटं पडलं की ते ओरडतं, पण मोठ्या उंदराच्या पिल्लाचा हा आवाज साधारण ४० किलोहर्ट्झचा असतो. माणसाचे कान २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकत नाहीत. म्हणजे पिल्लू टाहो फोडतंय आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला खोली शांत वाटते. आईला मात्र ऐकू येतं. ती येते, तोंडात धरून पिल्लाला घरट्यात परत नेते.

१९५०च्या दशकात सीमोर लेव्हिन यांनी पिल्लांचे तीन गट केले. एका गटाला रोज सौम्य विजेचा झटका दिला, दुसऱ्याला फक्त आईपासून थोडा वेळ उचलून झटक्याविना परत ठेवलं आणि तिसऱ्याला हातच लावला नाही. झटका सोसलेली पिल्लं मोठेपणी घाबरट होतील असा अंदाज होता. झालं भलतंच. पहिले दोन्ही गट ठीकठाक वाढले आणि ज्यांना हातही लावला नव्हता तेच उंदीर नव्या जागेत सर्वांत बिचकलेले निघाले.

हे कसं काय? पुढच्या काळात एक उत्तर पुढे आलं: पिल्लू परत मिळालं की आई त्याला नेहमीपेक्षा जास्त चाटते. म्हणजे संशोधकाला वाटत होतं तो पिल्लावर प्रयोग करतोय. प्रत्यक्षात तो आईच्या वागण्यावरही परिणाम करत होता.

मग थोडा वेळ उचललं तर चांगलं, जास्त वेळ दूर ठेवलं तर वाईट, असं गणित मांडलं गेलं. रोज सुमारे १५ मिनिटं विरुद्ध रोज ३ तास, पहिले दोन आठवडे. अनेक प्रयोगांत ३ तास दूर राहिलेली पिल्लं मोठेपणी ताणाला जास्त प्रतिसाद देणारी आणि प्लस मेझवर जास्त दबकणारी निघाली. पण सगळीकडे नाही. रेचल मिलस्टीन आणि अँड्र्यू होम्स यांनी २००७ साली छोट्या उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांवर हाच प्रयोग केला, तेव्हा चिंतेवर ठाम असा परिणाम सापडला नाही.

फरक कशामुळे पडतो? एक कारण फार शिकण्यासारखं आहे: तुलना कुणाशी केली? ३ तास दूर ठेवलेल्या पिल्लांची तुलना १५ मिनिटं उचललेल्यांशी केली तर दरी मोठी दिसते. अजिबात हात न लावलेल्यांशी केली तर लहान दिसते, कधी दिसतच नाही. ‘जास्त चिंताग्रस्त’ या शब्दांत ‘जास्त’ आहे, आणि ‘कुणापेक्षा’ हे वाक्यातून गळून गेलेलं असतं. व्याकरणाच्या तासाला आपण ज्याला अध्याहृत म्हणतो, तेच इथे सर्वांत महत्त्वाचं आहे.

मग या क्षेत्रात खात्रीचं काही आहे का? २०१९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोनशेहून जास्त निबंधांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी धरली तर बालपणीच्या ताणानंतर चिंतेसारखं वर्तन वाढतं आणि नरांमध्ये ते जास्त स्पष्ट दिसतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे परिणाम आहे. पण ‘सरासरी’ हा शब्द विसरायचा नाही.

५. चाटणारी आई आणि अपुरं घरटं

मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने वेगळा मार्ग घेतला. पिल्लांना दूर न करता त्यांनी फक्त आयांकडे बघितलं. काही आया पिल्लांना खूप चाटतात, अंग साफ करतात. काही कमी. दोघीही प्रेमळच, दोघींचीही पिल्लं जगतात, वाढतात. पण जास्त चाटलेली पिल्लं मोठेपणी नव्या जागेत जास्त धीट असतात. त्यांच्या ताणाच्या संप्रेरकाला लगाम लवकर बसतो, कारण मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात त्या संप्रेरकाची दखल घेणारे रिसेप्टर जास्त असतात. हे १९९७ सालचं काम.

हे रक्तातून येतं की वागण्यातून? १९९९ साली त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली. ती धीट झाली. एवढंच नाही, तर त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आई झाल्या तेव्हा त्याही जास्त चाटणाऱ्या निघाल्या. जन्म दिला एकीने, वळण लावलं दुसरीने. यशोदेची गोष्ट आपल्याला काय नवी आहे!

इथे मात्र एक धोका आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा. हे वाचून पटकन निघणारा निष्कर्ष असा: मूल घाबरट झालं, म्हणजे आईचंच कुठेतरी चुकलं. ‘आईने लक्ष दिलं नाही’ हे वाक्य आपल्या समाजात आधीच स्वस्त आहे. त्याला विज्ञानाचा शिक्का मिळाला तर विचारायलाच नको.

म्हणून कॅलिफोर्नियातल्या टॅली बरम यांच्या गटाचं काम सोबत वाचायला हवं. त्यांनी आईला पिल्लांपासून तोडलं नाही. फक्त घरट्याचं सामान कमी केलं. पिंजऱ्याच्या तळाला जाळी आणि घरटं बांधायला कागदी टॉवेलचा तुकडा, पिल्लांच्या दुसऱ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत. आई तीच आणि पिल्लंही तीच. पण आता आई सारखी उठते, बाहेर जाते, परत येते, चाटायला लागते, मध्येच सोडते. पिल्लांना मिळणारा एकूण वेळ फारसा घटत नाही. तुटते ती त्या वेळेची लय. पुढे काय होईल याचा अंदाजच पिल्लाला बांधता येत नाही. अशी पिल्लं पुढे मोठी होताना गोडाला आणि सवंगड्यांसोबतच्या खेळाला पूर्वीसारखी ओढ दाखवत नाहीत, त्यांची स्मरणशक्तीही पुढे अडखळते.

आता सांगा, दोष कुणाचा? आईचा, की अपुऱ्या घरट्याचा? कामावरून कामावर धावणारी, भाड्याची खोली कधी सोडावी लागेल याची खात्री नसलेली आई आपल्यापैकी कुणी पाहिली नाही? उंदरावरून माणसावर उडी मारायची नाही, हे मान्य. पण आईला बोल लावण्याआधी तिच्या पायाखाली काय आहे ते बघावं, एवढा प्रश्न या प्रयोगाने नक्की शिकवला.

६. पुसलं जात नाही, पण भरून निघतं

दुसरा धोका नशिबाचा. ‘पहिल्या काही दिवसांत जे झालं ते कायमचं’ असं वाचलं, की कष्टात बालपण गेलेल्या कुणालाही वाटेल, आपलं तर ठरूनच गेलं. प्रयोग तसं म्हणत नाहीत.

२००४ साली इयन वीव्हर, मीनी, मोशे झीफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आईच्या चाटण्यामुळे पिल्लाच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच राहतं, ते किती वाचलं जाईल ते बदलतं. त्याच निबंधात पुढे असंही होतं, की मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत एक औषध दिल्यावर या खुणांमधला फरक पुसला गेला.

पण मला जास्त भिडला तो २००२ सालचा निबंध, डार्लिन फ्रान्सिस, पॉल प्लॉत्स्की, मीनी आणि सहकाऱ्यांचा. आईपासून रोज दूर ठेवलेली पिल्लं दूध तुटल्यावर त्यांनी समृद्ध पिंजऱ्यात ठेवली. समृद्ध म्हणजे जास्त जागा, सोबती, खेळायला वस्तू. मोठेपणी या उंदरांचा ताणाचा प्रतिसाद आणि बिचकणं इतर उंदरांसारखंच झालं. मेंदूतली ताण-यंत्रणेची एक जुनी खूण मात्र तशीच होती. संशोधकांचा निष्कर्ष असा, की जुनं पुसलं गेलं नाही, नव्याने त्याची भरपाई केली.

माणसांबाबतही थोडं बघू. रुमानियाच्या अनाथालयांत चाउशेस्कूच्या राजवटीपासून हजारो मुलं जवळजवळ स्पर्शाविना वाढत होती. २००० साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मी मुलं संगोपन करणाऱ्या कुटुंबांत गेली. त्यांची प्रगती संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली झाली, आणि लवकर घर मिळालेल्यांची बहुधा अधिक. म्हणजे उशीर महाग पडतो, पण उशिरा आलेली माया वाया जात नाही.

७. आणि उंदराचं काय?

हे सगळं वाचताना एक टोचणी राहते, ती लपवून चालणार नाही. उंदराचं पिल्लू आपल्यासारखं घाबरत नसेल, तर या प्रयोगांतून आपल्याबद्दल काय कळणार? आणि घाबरत असेल, तर त्याला मुद्दाम घाबरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? प्रयोग जितका उपयोगी, तितका हा प्रश्न जड होतो.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली यावर तीन सूत्रं दिली: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, वापरलेच तर कमीत कमी वापरा आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. भारतातही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत अशा प्रयोगांना नैतिकता समितीची परवानगी लागते. यातून टोचणी संपत नाही. निदान वाईट रचलेला प्रयोग हा नुसता चुकीचा निष्कर्ष नसून फुकट दिलेला त्रासही आहे, हे कळतं. म्हणूनच ओंजळीत उचलण्याचा शोध मला फार आवडला. त्यात उंदराचं भलं आणि आकड्याचं भलं एकाच कृतीत साधतं.

८. वाचताना विचारायचे पाच प्रश्न

‘बालपणीच्या ताणामुळे चिंता वाढते’ अशी बातमी पुढच्या वेळी मोबाईलवर आली, तर पुढे पाठवण्याआधी हे विचारा:

१. नक्की काय मोजलं? सेकंद, फेऱ्या, लेंड्या की रक्तातलं संप्रेरक?
२. कोणत्या प्राण्यात? मोठा उंदीर की छोटा, नर की मादी? अनेक वर्षं बहुतेक प्रयोग नरांवरच होत होते.
३. ‘जास्त’ म्हणजे कुणापेक्षा?
४. एकाच चाचणीत दिसलं, की वेगवेगळ्या चाचण्यांत आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत?
५. बातमीत दोष कुणाला दिलाय: आईला, नशिबाला की परिस्थितीला? आणि तो प्रयोगात होता, की बातमी लिहिणाऱ्याने आणला?

शेवटी एका मराठी शब्दाकडे. ‘काळजी’ करतात आणि ‘काळजी’ घेतात. करणारा झुरतो, घेणारा जपतो, आणि शब्द एकच. ज्या विषयात आईचं चाटणं आणि पिल्लाचं बिचकणं यांचा संबंध शोधण्यात संशोधकांची सत्तर वर्षं गेली, त्या विषयातली ही दोन टोकं मराठीने एकाच शब्दात ठेवली आहेत. यातून काही सिद्ध होत नाही, शब्द म्हणजे पुरावा नव्हे. पण जो माणूस सारखी काळजी करतो, त्याची काळजी कुणी घेतली होती का, आणि घेणाऱ्याच्या घरट्यात पुरेसं सामान होतं का, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली तर बरं.

पुढच्या बैठकीसाठी स्वाध्याय: भीती, धास्ती, धाकधूक, हुरहुर, घोर, चिंता, काळजी यांपैकी कोणतेही तीन शब्द घ्या. प्रत्येकासाठी एक असा प्रसंग लिहा, जिथे उरलेले दोन चालणार नाहीत. भावनेचं नाव प्रसंगात कुठेही घ्यायचं नाही, फक्त वागणं लिहायचं. शब्द कोणता ते बाकीच्यांनी ओळखायचं. किती जणांचं उत्तर जुळतं ते मोजू, आणि जुळलं नाही तर का, यावर बोलू.